फोटो ‘येतो’ तेव्हा

मराठीत फोटो आधी ‘काढला’ जातो आणि मग तो ‘येतो’. ‘काढणे’ हे क्रियापद आपण चित्रासाठी वापरतो, विहिरीतल्या पाण्यासाठी वापरतो, ट्रंकेत तळाशी ठेवलेल्या शालूसाठीही वापरतो. हिंदीत तोच फोटो ‘खींचा’ जातो, म्हणजे ओढला जातो. परंतु ‘तुझा फोटो चांगला आलाय’ ह्या साध्या घरगुती वाक्यातले ‘येणे’ आम्हांला अधिक विचारात पाडते. हा फोटो येतो कोठून? ज्यांचे बालपण रोलच्या काळात गेले त्यांना उत्तर ठाऊक आहे. छत्तीस फोटोंचा रोल सणावाराच्या निमित्ताने, जपून जपून, चार-सहा महिन्यांत संपे; मग तो स्टुडिओत धुवायला टाकला जाई; आणि काही दिवसांनी एका पाकिटातून फोटो येत. कोण कसा आला आहे हे तेव्हा कळे. एखादा ‘येतच’ नसे. त्या जागी करडा धूर असे.

आज भ्रमणध्वनीवर फोटो काढल्यावर क्षणही लोटत नाही तोच भोवतीची माणसे मान पुढे काढून म्हणतात, ‘‘बघू, कसा आलाय?’’ वस्तुतः तो कोठूनही आलेला नसतो. यंत्राने टाकून दिलेले एक अंतर भाषेने असे अजून जपून ठेवले आहे. काढणे आणि पाहणे ह्यांमधल्या त्या अंतराचा इतिहास, आणि ते ज्याच्या हातून सुटले त्या छायाचित्रकाराला त्या क्षणी काय वाटले असेल, हा ह्या लेखाचा विषय आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. २००३ साली रघु राय ‘जिओ’ ह्या मासिकाच्या कामासाठी मुंबईत छायाचित्रे काढीत होते, आणि त्या कामात त्यांनी निकॉन डी-१०० हा डिजिटल कॅमेरा वापरायला घेतला. त्या क्षणापासून आपल्याला फिल्मकडे परत जाता आलेले नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. विधान लहान आहे, पण ते कोण करतो आहे हे पाहिले पाहिजे. १९४२ साली झंग येथे जन्मलेल्या, शिक्षणाने स्थापत्य अभियंता असलेल्या राय ह्यांनी १९६५ च्या सुमारास थोरले बंधू एस. पॉल ह्यांच्याकडून हाती आलेल्या कॅमेऱ्याने एका गाढवाच्या पिल्लाचे छायाचित्र टिपले आणि ते थेट लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. १९६६ मध्ये ते ‘स्टेट्समन’मध्ये दाखल झाले. १९७१ साली पॅरिसमधल्या त्यांच्या प्रदर्शनाने आंरी कार्तिए-ब्रेसाँ प्रभावित झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी राय ह्यांचे नाव ‘मॅग्नम’ ह्या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी सुचवले. म्हणजे २००३ पर्यंत जवळजवळ अडतीस वर्षे हा माणूस फिल्मवर जगला होता. त्याची बोटे, त्याचे अंदाज, त्याचा धीर, सारे फिल्मने घडवले होते. अडतीस वर्षांची सवय एका कामगिरीत सुटावी असे त्या यंत्रात काय होते?

निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर फारसे नव्हते. डी-१०० हा कॅमेरा २००२ सालचा. साठ लाख बिंदूंची प्रतिमा तो टिपत असे. चांगल्या फिल्मवरची बारीक वीण त्या आकड्यात मावत नव्हती, हे तेव्हाही सर्वांना माहीत होते. त्याचा संवेदक फिल्मच्या चौकटीहून लहान, सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरांचा (फिल्मची चौकट ३६ बाय २४ची), म्हणून जुनी भिंगे त्यावर बसत खरी, पण त्यांची नजर दीडपटीने आखडे. चोवीस मिलिमीटरचे रुंद भिंग छत्तिसाचे होऊन बसे. ज्याचे उभे आयुष्य एका चौकटीत चार-चार प्रसंग एकदम बसवण्यात गेले, अशा छायाचित्रकाराला ही अडचण थोडी म्हणता येणार नाही. उजळ आभाळ पांढरेफटक पडून जाण्याची डिजिटलची खोडही होतीच. उलट बाजूला काही सोयी होत्या: प्रकाशाची संवेदनक्षमता रोलागणिक न ठरता फोटोगणिक बदलता येई, रोल बदलायला थांबावे लागत नसे. आणि पाठीवर एक पडदा होता. कर्णात मोजला तर १.८ इंचांचा, काडेपेटीहून लहान.

आमचे म्हणणे असे की सारी जादू त्या काडेपेटीएवढ्या पडद्यात होती. त्या वर्षांतली छायाचित्रकारांची ‘पहिल्या भेटीची’ वर्णने वाचली तर त्यांत बिंदूंची संख्या, रंगांचा खरेपणा, विजेरीचे आयुष्य आणि किंमत ह्यांचीच चर्चा भरलेली दिसते. ज्यांनी फिल्म सोडली त्यांनी मात्र ह्यांपैकी कशासाठीही ती सोडली नसावी. कारण ह्या बहुतेक बाबतींत फिल्म अजून पुढेच होती. त्यांनी फिल्म सोडली ती ‘आत्ता दिसते’ ह्या एका गोष्टीसाठी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आत्ता दिसणे’ हे डिजिटलने प्रथमच आणले, असे आपण गृहीत धरतो. इतिहास तसे सांगत नाही. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक होते. १८५१ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेली ओल्या काचेची, म्हणजे कलोडियनची पद्धत त्याच दशकात सर्वत्र रुळू लागली होती. ह्या पद्धतीत काचेवर चिकट द्रावण ओतायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि ती वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन धुवायची. हा सारा व्यवहार दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे; आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. म्हणून त्या काळचा छायाचित्रकार अंधारखोली बरोबर घेऊनच हिंडे. १८६३ ते १८७० ह्या काळात हिंदुस्थानात राहिलेला सॅम्युएल बोर्न हिमालयात गेला तो काचा, रसायनांच्या बाटल्या आणि काळा तंबू वाहणाऱ्या हमालांची रांगच्या रांग घेऊन. पण त्यामुळेच दरी समोर असताना, ढग अजून त्याच शिखरावर असताना, तंबूतून बाहेर येऊन त्याला कळे की फोटो आला आहे की नाही. आला नसेल तर काच पुसून पुन्हा वापरता येई.

फसलेले पुसून टाकणे आणि त्याच पाटीवर पुन्हा काढणे: डी-१०० च्या पाठीवरच्या पडद्याशेजारी जे बटण होते, त्याचा हा आजा-पणजा म्हणता येईल.

मग ते अंतर आले कोठून? रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज वैद्याने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढच्या दशकात अशा काचा कारखान्यांत तयार होऊ लागल्या, आणि फोटो काढल्यावर लगेच धुण्याची सक्ती संपली. ह्या मोकळीकीचा पुरता व्यापार केला तो अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या जॉर्ज ईस्टमनने. १८८८ साली त्याने कोडॅक नावाची पेटी बाजारात आणली. किंमत पंचवीस डॉलर. आत शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला. फोटो संपले की पेटीच्या पेटी रॉचेस्टरला पाठवायची. तेथे रोल धुऊन, फोटो छापून, नवा रोल भरून ती दहा डॉलरांत परत येई. बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही पाहू, अशा अर्थाची त्यांची जाहिरात प्रसिद्धच आहे. ती मराठीत आणताना ‘पाहू’ हा शब्द आपसूक येतो, आणि नेमका बसतो. बाकीचे खरोखरच ते ‘पाहत’. ज्याने फोटो काढला त्याच्या आधी दुसरेच कोणी तो पाहत असे. काढणारा आणि पहिला पाहणारा हे दोघे येथे प्रथम वेगळे झाले. आपल्या तालुक्याच्या गावचा स्टुडिओवाला हा त्याच रॉचेस्टरचा लांबचा वारसदार.

आणि हे अंतर मिटवणारे यंत्रही त्याच गावात, त्याच कंपनीत जन्माला यावे, ह्याला काय म्हणावे? डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्ह सॅसन ह्या पंचविशीतल्या अभियंत्याने जमेल तेथून सुटे भाग जमवून एक खोके तयार केले. भिंग सुपर-८ चित्रपट-कॅमेऱ्याचे, संवेदक शंभर बाय शंभर बिंदूंचा, वजन साडेतीन किलोंच्या वर. एक फोटो ध्वनिफितीच्या कॅसेटवर नोंदला जायला तेवीस सेकंद लागत. मग ती कॅसेट दुसऱ्या यंत्रात घालून दूरचित्रवाणीच्या संचावर तो पाहायचा. पहिला फोटो प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाईंचा काढला. पडद्यावर केस आणि मागची भिंत दिसली, चेहऱ्याच्या जागी नुसता गोंधळ. अजून बरेच काम बाकी आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून बाई निघून गेल्या. डिजिटल कॅमेऱ्याविषयीचे जगातले पहिले मत ते हेच. (तारांची एक जोडणी उलटी झाली होती, ती सुधारताच चेहराही आला.)

सॅसनच्या हकिगतीतला आम्हांला सर्वांत बोलका वाटणारा तपशील निराळाच आहे. एका कॅसेटवर किती फोटो ठेवायचे हे ठरवताना त्याने तीस हा आकडा निवडला, कारण तो रोलच्या चोवीस आणि छत्तीस ह्यांच्या मध्ये पडतो. नवे यंत्र लोकांना ओळखीचे वाटावे म्हणून जुन्याची मर्यादा त्याने आपणहून स्वीकारली. वरिष्ठांना मात्र ते ओळखीचे वाटले नाही. आपले फोटो कोणी दूरचित्रवाणीवर कशाला पाहील, असा त्यांचा प्रश्न होता. १९७८ मध्ये पेटंट मिळाले. ते हाती असलेल्या त्याच कंपनीवर जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी न्यायालयात जाण्याची पाळी आली, हा इतिहासही सर्वश्रुत आहे. तो येथे उगाळण्याचे कारण नाही.

पुढची वीस वर्षे हे यंत्र ज्यांना घाई होती त्यांच्याच हाती राहिले. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ-३ च्या शरीराला डिजिटल पाठ जोडून वृत्तछायाचित्रकारांसाठी कॅमेरा काढला. तेरा लाख बिंदू, आणि केबलीने जोडलेली, खांद्यावर वाहायची एक जड पेटी. तीत फोटो साठवण्याची तबकडी आणि पाहण्यासाठी कृष्णधवल पडदा. किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात. व्यक्तिगत हौसेचा तेथे प्रश्नच नव्हता; उद्याच्या अंकाची वेळ गाठणे एवढाच त्याचा हेतू. १९९४ मध्ये असोसिएटेड प्रेससाठी खास असा कॅमेरा निघाला, १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला, आणि पडदा हळूहळू खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पाठीवर सरकला. तो तेथे येताच छायाचित्रकारांना एक सवय जडली. बटण दाबायचे आणि ताबडतोब मान खाली घालून पडद्यात पाहायचे. अमेरिकेतल्या वृत्तछायाचित्रकारांनी आपल्याच ह्या सवयीला चिंपांझीवरून ‘चिंपिंग’ असे नाव पाडले. नाव थट्टेचे असले तरी तक्रार गंभीर आहे. मान खाली गेली तेवढ्या क्षणी समोर जे घडले ते कोणीच पाहिले नाही.

तरी आम्हांला ह्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. काढणे आणि पाहणे ह्यांत एक अंतर असते, तसेच पाहणे आणि ओळखणे ह्यांतही असते. पहिले अंतर यंत्राने मिटवले. त्याबरोबर दुसरेही मिटल्यासारखे आपण वागू लागलो, आणि खरा धोका तेथे आहे.

पुण्यातली एक घटना घेऊ. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे छायाचित्र घेण्यासाठी पुण्याला आल्या. गांधीजींचा मुक्काम तेव्हा डॉ. दिनशा मेहता ह्यांच्या निसर्गोपचार केंद्रात होता. सूत कातण्याची क्रिया समजल्याशिवाय कातणाऱ्याचा फोटो काढता येणार नाही, म्हणून बाईंना आधी चरखा शिकावा लागला. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत फ्लॅशचे फक्त तीन दिवे उडवण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसरा लागला. लागला आहे हे मात्र त्या वेळी त्यांना दिसणे शक्य नव्हते. तीन दिवे संपले होते आणि त्या काळोखातून त्या केवळ आशा घेऊन बाहेर पडल्या. आज जगभर गांधीजी म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते, पुढे चरखा आणि मागे मांडी घालून वाचणारी कृश आकृती, ते ह्या तिसऱ्या दिव्याचे.

कथा येथे संपली असती तर ती केवळ धीराची आणि नशिबाची झाली असती. पण ‘लाइफ’ने त्या वर्षी ह्या छायाचित्राला मानाचे स्थान दिले नव्हते. हातात आले, पाहिले गेले, आणि मागे ठेवले गेले. गांधीहत्येनंतर, फेब्रुवारी १९४८ मध्ये, तेच चित्र पुन्हा बाहेर आले आणि ठळकपणे छापले गेले. फोटो ‘यायला’ पावणेदोन वर्षे लागली, असे म्हणायला हरकत नाही. मधल्या काळात बदलले होते ते पाहणारे जग. निगेटिव्ह होती तशीच होती.

पुण्याची निगेटिव्ह निदान निवडून ठेवलेली होती. न निवडलेल्या फोटोचे काय होते, ह्याचा दाखला डिजिटलच्या उंबरठ्यावरच्याच एका प्रसंगात सापडतो. ऑक्टोबर १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका निधिसंकलनाच्या समारंभात अध्यक्ष क्लिंटन गर्दीतल्या लोकांना भेटत होते. ‘टाइम’ साप्ताहिकाचे डर्क हॉलस्टेड तेथे फिल्मवर फोटो काढत होते. बिल्ल्यासारखी बेरेट टोपी घातलेल्या एका तरुणीला अध्यक्ष जवळ घेत आहेत, अशी एक चौकट त्यांच्या रोलात आली. बातमीच्या दृष्टीने त्या दिवशी तिला काडीचेही मोल नव्हते. जानेवारी १९९८ मध्ये मोनिका लेविन्स्की हे नाव जगापुढे आले तेव्हा हॉलस्टेड ह्यांना वाटले, हा चेहरा आपण कोठेतरी पाहिला आहे. पारदर्शिकांचे ढीग उपसायला त्यांनी माणूस लावला. एक चौकट सापडली, आणि त्या वर्षी ती ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर आली. त्या समारंभात इतरही छायाचित्रकार होते, काहींच्या हाती नवे डिजिटल कॅमेरे होते. बिनमहत्त्वाची म्हणून ती छायाचित्रे त्यांनी केव्हाच पुसून टाकली होती, असे हॉलस्टेड ह्यांनीच नमूद केले आहे. त्यांत त्यांची चूक काय म्हणायची? त्या काळी साठवायला जागा थोडी, तबकडी महाग, आणि निवड तर बरोबरच होती. फक्त ती १९९६ ची निवड होती.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. आपण ज्याला पाठचिकित्सा म्हणतो तिचा सारा आधारच मुळी न टाकलेल्या, न पुसलेल्या गोष्टींवर असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती त्यांच्यापुढे अशुद्ध म्हणून मानलेले पाठ होते म्हणून. कवीच्या वहीतली खोडलेली ओळ आपण भिंग लावून वाचतो. छायाचित्रकाराची खोडलेली ओळ म्हणजे कॉन्टॅक्ट शीट: एका रोलच्या छत्तीसही चौकटी ओळीने छापलेला कागद, त्यावर लाल पेन्सिलीची खूण. हवे असलेले एक चित्र येण्यापूर्वी हा माणूस कोठे उभा होता, कितीदा चुकला, कोणत्या क्षणी गुडघ्यावर बसला, हे सारे त्यावर वाचता येते. ‘मॅग्नम’च्या सदस्यांच्या अशा कागदांचा एक जाडजूड ग्रंथ २०११ मध्ये निघाला. त्याची पाने उलटताना आम्हांला लेखकाच्या कच्च्या खर्ड्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

फिल्मच्या काळात कोणी काही नष्ट करीतच नसे, असा ह्याचा अर्थ नव्हे. स्वतः कार्तिए-ब्रेसाँ ह्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला आपल्या आधीच्या निगेटिव्ह कात्रीने कापल्या, निवडक तेवढ्या एका बिस्किटांच्या डब्यात घातल्या आणि उरलेल्या फेकल्या. अभ्यासकांचे त्यात नुकसान झाले. परंतु त्या कापायला ते बसले तोवर काही चौकटींना सात-आठ वर्षे झाली होती. नाकारण्याचा अधिकार त्यांनी वापरला तो मागे वळून. पडद्याशेजारचे बटण दाबणारा अंगठा हा अधिकार प्रसंग चालू असतानाच वापरतो, आणि त्याला आपण काही ठरवले आहे असे वाटतही नाही.

येथवर वाचून आमचा कल फिल्मकडे आहे असे कोणी म्हणेल, तर त्यापुढे आम्हांला आमच्याच विरुद्ध एक साक्ष काढावी लागेल. २००३ च्या अखेरीस, म्हणजे रघु राय ह्यांच्या त्या मुंबईच्या कामगिरीच्याच वर्षी, इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकी शिपाई खिशातल्या लहानशा डिजिटल कॅमेऱ्यांनी कैद्यांच्या छळाचे फोटो काढीत होते. एप्रिल २००४ मध्ये ते जगापुढे आले. ही छायाचित्रे फिल्मवर निघाली असती का? बहुधा नाही. कारण रोल धुवायला कोणाच्या तरी हाती द्यावा लागला असता, आणि तो पहिला पाहणारा मध्ये उभा राहिला असता. मधला माणूस नव्हता म्हणून ते फोटो निघाले, हातोहात पसरले, आणि अखेरीस पुरावा ठरले. पुढे तपास करणाऱ्यांनी तीन कॅमेऱ्यांतली प्रत्येक छायाचित्रात आपोआप नोंदली गेलेली वेळ जुळवून घटनांचा क्रम लावला. निगेटिव्हवर वेळ लिहिलेली नसते.

म्हणजे स्टुडिओवाला हा नुसता रक्षणकर्ता नव्हता. तो चौकीदारही होता. मुलीचा पाहायला दाखवायचा फोटो, बारशाचा, मयताचा, सारे त्याच्या डोळ्यांखालून जात असत, आणि काही फोटो केवळ त्याला दिसतील ह्या संकोचाने कधी काढलेच गेले नाहीत. त्याच्याकडे निगेटिव्ह नंबर घालून पाकिटात राहत, हे खरे. धंदा बसल्यावर त्या पाकिटांच्या गोण्या कोठे गेल्या हे विचारले तर फार ठिकाणी उत्तर सुखाचे मिळत नाही. डिजिटलने पुसले त्याचा हिशेब मांडताना ओलीने आणि वाळवीने खाल्ले तेही धरले पाहिजे.

पुन्हा रघु राय ह्यांच्याकडे येऊ. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायुकांडानंतर एका लहान मुलाचे दफन चालले असता राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू हे दोघेही तेथे होते. माती लोटली गेली होती. तेवढ्यात बापाने चेहऱ्यावरची माती पुन्हा एकदा दूर केली, शेवटचे पाहण्यासाठी. दोघांनीही तो चेहरा टिपला, राय ह्यांनी कृष्णधवल, बार्थोलोम्यू ह्यांनी रंगीत. आपल्या फिल्मवर काय उमटले आहे हे दोघांपैकी कोणालाही तेथे पाहता आले नाही, आणि पुन्हा एकदा करा असे म्हणण्याजोगा तो प्रसंग नव्हता. ज्याने असे क्षण आंधळेपणाने, केवळ हाताच्या भरवशावर काढले आहेत, त्याला वीस वर्षांनी काडेपेटीएवढ्या पडद्यावर ‘आले आहे’ असे दिसले तर तो फिल्मकडे का परतेल? ह्या सुटकेला दूषण देण्याचा अधिकार, ज्यांनी तसे ओझे कधी वाहिले नाही अशा आम्हांला आहे असे वाटत नाही.

तरी त्यांचेच एक जुने मुंबईचे चित्र समोर ठेवले की आम्ही पुन्हा घुटमळतो. १९९५, चर्चगेट स्थानक. गाडीतून उतरलेली गर्दी धुरासारखी वाहते आहे, कोणाला चेहरा नाही, नुसते खांदे आणि पावले. आणि त्या लोंढ्यात वर्तमानपत्र उघडून बसलेली दोन-चार माणसे दगडासारखी स्पष्ट. झडप मुद्दाम मंद ठेवल्याशिवाय असे चित्र येत नाही, आणि मंद झडपेने गर्दी किती विरघळेल, वाचणारा किती निश्चल राहील, ह्याचा अंदाज मनातच बांधावा लागतो. १९९५ मध्ये त्या कॅमेऱ्याच्या पाठीवर पाहायला काही नव्हते. पाठ काळी होती. एकदा बटण दाबल्यावर पुढची गाडी येईपर्यंत डोळे त्या फलाटावरच ठेवायचे होते, आणि एखाद्या वाचकाने पान उलटले तर तेवढे पुरेसे होते चौकट निसटायला.